ई-रीडरवर मराठी वाचताना प्रत्येक पानाला फुल रिफ्रेश हवा की नको?

कागदवेडा
ई-इंक रीडरवर मराठी वाचायचं असेल तर फुल रिफ्रेश (अख्खी स्क्रीन लुकलुकवून पान नव्याने उमटवणं) प्रत्येक पानाला ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. किंडलमध्ये ‘पेज रिफ्रेश’ चालू करायचं. कोबोमध्ये किती पानांनी ते ठरवता येतं, तिथे एक निवडायचं.

ई-इंकमध्ये काळे आणि पांढरे भारित कण द्रवात तरंगत असतात. विजेच्या दाबाने एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. अर्धवट रिफ्रेशमध्ये काही कण पुरते हलत नाहीत आणि मागच्या पानाची सावली राहते. रोमन लिपीत ती विखुरलेली असते, म्हणून खपून जाते. आपल्याकडे शिरोरेघ आहे. ओळींमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे पानोपानी शिरोरेघा त्याच उंचीवर येतात. मागच्या पानावर जिथे शब्द होता तिथे आता दोन शब्दांमधली फट आली, की त्या फटीत जुनी रेघ फिकट दिसते आणि शब्द चिकटल्यासारखे वाटतात. बारीक फॉन्टमध्ये तर डोळा अडखळतोच.

निशाचर
शिरोरेघेचं निरीक्षण पटलं, उपाय अजिबात पटला नाही. मी रात्री खोलीतला दिवा मालवून फ्रंटलाइटवर वाचतो. अंधारात प्रत्येक पानाला स्क्रीन काळी होऊन पुन्हा उजळते, तेव्हा वाक्याच्या मध्येच लय तुटते. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना ही लुकलुक किती त्रासदायक होत असेल! शिवाय फुल रिफ्रेशला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. सावली कमी राहावी म्हणूनच तर २०१३च्या सुमारास रीगल तंत्र आलं. ते असलेल्या रीडरवर प्रकरणाच्या सुरुवातीला एकदा रिफ्रेश पुरे.

कागदवेडा
@निशाचर, वेळेचा मुद्दा टिकत नाही. १६ करड्या छटा दाखवणारा, न लुकलुकणारा रिफ्रेशही जवळपास तेवढाच वेळ घेतो. खरा वेगवान आहे तो ए-२ मोड, कारण तो फक्त काळं आणि पांढरं दाखवतो. तुमचा आक्षेप लुकलुकीला आहे आणि तेवढ्यापुरता तो रास्त आहे. पण पाटीवर नुसता हात फिरवणं आणि ती ओल्या फडक्याने पुसणं यात फरक राहणारच. रीगलनेसुद्धा सावली कमी होते, जात नाही.

पोथीवाली
तुम्ही दोघंही सुट्या अक्षरांच्या ई-पुस्तकांबद्दल बोलताय. माझं बहुतेक वाचन जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅन पीडीएफवर चालतं. तिथे पानाची पार्श्वभूमीच करडी, कडांना डाग, मागच्या बाजूची छपाई उमटलेली. त्यावर आधीच्या पानाची सावली चढली की काय खरं, काय खोटं कळत नाही. १९६२च्या नियमांआधीच्या लेखनात ‘घरांत’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार भरपूर. मी त्या मजकुराची नक्कल करते, त्यामुळे मला प्रत्येक टिंब खात्रीने हवं. या कामाला पानागणिक फुल रिफ्रेशला पर्याय नाही.

आणि एक कळकळीची विनंती. बूक्ससारख्या रीडरवर पीडीएफ भराभर सरकवता यावी म्हणून लोक ए-२ लावून ठेवतात आणि तसंच वाचत बसतात. त्यात करड्या छटा उडतात, फिकट छपाईतल्या वेलांट्या तुटतात, उकार अर्धे होतात. हवं ते पान शोधायला ए-२ वापरा, सापडलं की मोड बदला.

मिशिगनकर
थंडीचा विचार कुणी केलेला दिसत नाही. गारठ्यात द्रव घट्ट होतो, कण सावकाश सरकतात. रीडर तापमान बघून विजेचे झटके बदलतो, तरी इथल्या जानेवारीत बाहेर बसची वाट बघत वाचताना सावली घरातल्यापेक्षा जास्त राहते. तेव्हा मी एक पान ठेवतो, घरात आल्यावर वाढवतो.

नवीन_वाचक
रोज एवढे फुल रिफ्रेश केले तर बॅटरी लवकर संपणार नाही का?

पोथीवाली
थोडी जास्त लागते, कारण प्रत्येक ठिपका हलवावा लागतो. पण ई-इंकला वीज लागते ती चित्र बदलताना, नुसतं धरून ठेवायला नाही. बॅटरीची चिंता असेल तर आधी वायफाय बंद करा आणि फ्रंटलाइट कमी करा.

निशाचर
@पोथीवाली, नकलेच्या कामासाठी तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण धाग्याचा दावा ‘मराठी वाचायचं असेल तर’ असा सरसकट आहे आणि त्याला माझा विरोध कायम आहे. कादंबरी वाचणारा माणूस शब्दागणिक टिंबं तपासत नाही. केओरीडर या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये दर सहा पानांनी फुल रिफ्रेश हा मूळ आकडा आहे, मराठी कादंबरीला तो मला योग्य वाटतो. चित्र असलेल्या पानावर आपोआप फुल रिफ्रेश करायची सोयही त्यात आहे. फॉन्ट एक पायरी मोठा आणि थोडा ठळक केला की सहाव्या पानापर्यंत फटीतल्या रेघा मला जाणवत नाहीत.

कागदवेडा
ठळक फॉन्टने नवं अक्षर उठून दिसतं, पण जाड शिरोरेघ पुढच्या पानावर सावलीही जाड सोडते. फॉन्ट वाढवला की पानं वाढतात, म्हणजे तुमचे सहा पानांचे रिफ्रेशही वाढले. त्यापेक्षा मी बारीक फॉन्ट आणि दर पानाला रिफ्रेश पत्करतो. अंधारात वाचणाऱ्यांसाठी तीन पानांपर्यंत सूट देईन, त्यापुढे नाही.

निशाचर
तीन पानं आज रात्री लावून बघतो. दिवा मात्र बंदच राहील.