मदत हवी आहे: ९ मिमी ब्लोबॅक कार्बाइनला किती वजनाचा बफर?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर काढली. बंदुकीशी संबंध एवढाच की पुतण्या ह्यूस्टनला असतो, तिथे रेंजवर जातो आणि यंत्राचं काही अडलं की "काका, जरा बघा ना" म्हणून मला फोटो पाठवतो. तिथल्या कायद्यानुसार त्याने रीतसर घेतलेली, एआर धर्तीची (अमेरिकी एआर-१५ रायफलीच्या घडणीची), १६ इंची नळीची ९ मिमी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, आहे. जुनी, दुसऱ्याने वापरलेली. तिच्याबद्दल विचारायचं आहे.

तक्रार अशी. लहान काडतुसाच्या मानाने खांद्याला धक्का फार बसतो. रिकाम्या पुंगळ्या भलत्याच लांब उडतात. गेल्या महिन्यात बोल्ट कॅच (मॅगझिन रिकामं झालं की बोल्टला मागे अडवून धरणारा खटका) तुटला. हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं, पण काही पुंगळ्या बुडाशी किंचित फुगलेल्या दिसल्या आणि माझी झोप उडाली. मी त्याला सांगितलंय, उलगडा होईपर्यंत चालवू नकोस.

त्याच्याकडून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा) आणि बफर (बोल्टमागे दस्त्याच्या ट्यूबमध्ये स्प्रिंगसोबत सरकणारं वजन) वजन करून घेतले. बोल्ट ४०० ग्रॅम, बफर ८५ ग्रॅम, म्हणजे ३ औंस. हा तर साध्या ५.५६ मिमी काडतुसाच्या कार्बाइनचा बफर! तिथे बोल्ट फिरून कुलूपबंद होतो, गोळी नळीबाहेर पडेपर्यंत उघडतच नाही. ब्लोबॅकमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे ढकलला जातो अशा या कार्बाइनमध्ये, कुलूप नाही. पुंगळीला मागून धरून ठेवणारं काय, तर बोल्ट आणि बफरचं मिळून वजन. स्प्रिंगचा त्या क्षणी वाटा नगण्य. तिचं काम नंतरचं, बोल्ट थांबवून परत पुढे आणण्याचं.

मी कागदावर मांडून पाहिलं. ११५ ग्रेनची गोळी म्हणजे ७.४५ ग्रॅम. या लांबीच्या नळीतून सेकंदाला साधारण ३९० मीटर धरली आणि दारूच्या वायूचा हिस्सा मिळवला, तर संवेग ३.१ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतो. तो ४८५ ग्रॅमवर आला की बोल्ट ६.४ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येतो, जवळपास १० ज्यूल ऊर्जा घेऊन. ५.५ औंसचा बफर घातला तर वेग ५.६. साडेआठ औंसचा घातला तर ४.८, आणि ऊर्जा साडेसात ज्यूल. घर्षण धरलेलं नाही, त्यामुळे खरे आकडे थोडे कमीच असतील.

गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्ट किती सरकतो, हेही काढलं. आत्ताच्या वजनाला ६ मिमीच्या वर, साडेआठ औंसला पावणेपाच. पुंगळी अवघी १९ मिमी लांब! बुडाचा फुगवटा इथूनच येत असावा असं मला वाटतं. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

तो १४७ ग्रेनची जड काडतुसंही वापरतो. ती हळू जातात, सेकंदाला ३०० मीटरच्या थोडी वर, त्यामुळे संवेग जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे "जड गोळी, जड बफर" हा सरधोपट नियम मला पटत नाही.

आता जिथे अडलो ते. बोल्ट मागे किती जातो, हा वेगळाच घोळ आहे. नेहमीच्या ट्यूबमध्ये ९ मिमीला गरजेपेक्षा जास्त मोकळी जागा मिळते. मॅगझिन रिकामं झालं की परतणारा बोल्ट त्या मोकळ्या अंतरात वेग घेऊन कॅचवर आदळतो. म्हणून ट्यूबच्या तळाशी स्पेसर टाकतात (तिकडे काही जण चक्क नाणी टाकतात) किंवा लांब अंगाचा बफर घेतात. मग आधी काय बदलावं, वजन की अंतर? दोन्ही एकदम बदलली तर दोष कशाने गेला ते कळणार नाही. पण फुगवट्याची भीती आहे म्हणून वजन आधी, असं माझं मत.

बफर फार जड झाला आणि काडतूस मऊ (कमी जोराचं) असलं, तर बोल्ट अर्ध्यातून परतेल आणि पुढचं काडतूस उचलणार नाही. ही सीमा कुठे येते, ते फक्त वापरणाराच सांगू शकेल. शिवाय सुटी वजनं असलेला बफर घ्यावा की भरीव? बोल्ट बंद होताना उसळतो, तेव्हा सुटी वजनं मागून येऊन ती उसळी दाबतात, हे तत्त्व मला समजतं. ९ मिमीत त्याचा फरक हाताला जाणवतो का?

एका मित्राने आपल्या पोलिसांच्या जुन्या ९ मिमी कार्बाइनचा दाखला दिला. तीही ब्लोबॅकच, पण उघड्या बोल्टवर चालणारी. बोल्ट पुढे धावत असतानाच बार होतो, त्याचा तो वेग आधी मारावा लागतो. तिचा हिशेब इथे लावता येत नाही.

आणि कृपया "तुम्हीच लेथवर करून पाठवा" असं सुचवू नका. तासाभराचं काम आहे, हात शिवशिवतात, पण शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. तयार बफरच घ्यायचा आहे.

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून लिहितो. स्प्रिंग साधी ५.५६ कार्बाइनचीच आहे, किती जुनी ते ठाऊक नाही. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) तिथल्या गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवायला सांगितलं आहे. दोघांनी ८ औंसच्या पुढे जा म्हटलंय, एकाने साडेपाच पुरे म्हटलंय. साडेपाचवाल्यांना विनंती: तुमच्या बोल्टचं वजन किती आहे ते तेवढं कळवा.