थट्टा झाली आणि तिने ती… काय केली?

घागर:
एका मासिकासाठी इंग्रजी लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडून बसलेय. लेख आहे जालावर अचानक गाजलेल्या आणि गाजता गाजताच टिंगलीचा विषय झालेल्या लोकांवर. मुख्य उदाहरण रिबेका ब्लॅक. आठवतेय ना? २०११ साल, 'फ्रायडे' नावाचं गाणं, कॅलिफोर्नियातली १३ वर्षांची मुलगी. आईने चारेक हजार डॉलर मोजून एका कंपनीकडून गाणं आणि व्हिडिओ करवून घेतला होता. त्यात वारांची उजळणी आहे, शुक्रवारच्या आधी काय येतं आणि नंतर काय. जगभर टर उडाली. यूट्यूबवर तेव्हा सगळ्यात जास्त उलटे अंगठे याच व्हिडिओला. पण त्याच वर्षी ती केटी पेरीच्या एका व्हिडिओत झळकली, आणि २०२१ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून तेच गाणं नव्या साजात पुन्हा काढलं.

वाक्याचा आशय असा की लोक हसत होते त्यात तीही सामील झाली आणि त्या हसण्यालाच भांडवल केलं. मी लिहिलं, 'तिने थट्टा हसण्यावारी नेली.' संपादकबाई म्हणाल्या, "हसण्यावारी नेणं म्हणजे सोडून देणं. हिने कुठे सोडलंय?" मग 'खिलाडूपणे घेतली' केलं. त्यावर म्हणाल्या, बक्षीस समारंभाच्या भाषणासारखं वाटतं. एक सुटसुटीत क्रियापद सुचवा.

पानसुपारी:
पचवली.

घागर:
अपमान पचवतात तेव्हा बाहेर काही दिसत नाही. हिने तर पंगत मांडली.

रात्रपाळी:
मी बातम्यांच्या पोर्टलवर रात्री बसतो. आमच्याकडे साचे दोनच. एक 'ट्रोलर्सना दिलं सडेतोड उत्तर' आणि दुसरा 'ढसाढसा रडली'. तिसरा नाही. परवा एका रील करणाऱ्या बाईंना लोकांनी साडीवरून छळलं. त्यांनी खाली फक्त 'बरं' एवढंच लिहिलं. आमच्याकडे त्याचंही 'सडेतोड उत्तर' झालं. मीच केलं.

शुद्धमती:
'ट्रोलर्स' कशाला? 'जल्पक' हा चांगला शब्द पेपरांत येतो, तो वापरा की. आणि 'नेटकरी' हे काय आहे? शेतकरी शेत कसतो, वारकरी वारी करतो. नेटकरी काय करतो?

रात्रपाळी:
दोन्ही करतो. कसतो पण आणि वाऱ्या पण.

उंबरठा:
'जल्पक'वर माझा जुना राग आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प, वितंडा. वादात खरं काय ते शोधायचं असतं. जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी छलकपट चालतं, पण जल्प करणाऱ्याला स्वतःची एक बाजू असते. वितंडा करणाऱ्याला बाजूच नसते, समोरच्याचं पाडलं की झालं. त्या मुलीच्या व्हिडिओखाली शिव्या लिहिणाऱ्यांची कुठली बाजू होती? शनिवारची? तेव्हा शब्द हवाच असेल तर 'वितंडक' घ्या.

शुद्धमती:
व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. संस्कृतात 'चेष्टा' म्हणजे हालचाल. तुम्ही "माझी चेष्टा करू नका" म्हणता तेव्हा काय हलू नका म्हणता का? जल्पक रुळलाय, राहू द्या.

पानसुपारी:
शुद्धमतींनी रूढीची बाजू घेतली. तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

वऱ्हाडी_ठेचा:
रूढीचं म्हणाल तर आमच्या अमरावतीकडं 'मजाक उडवली' म्हणतात. सातवीत निबंधात लिहिलं तर बाईंनी लाल रेघ मारली. "हिंदी आहे, मस्करी लिही." आता मस्करी आली अरबी 'मसखरा'वरून. फजिती पण अरबीतलीच. मजाक पण. तिघी एकाच जहाजातून उतरल्या, दोघींना रेशनकार्ड भेटलं, एकीला नाही.

तिरफळ:
मूळ ट्रोल शब्दाबद्दल दोन पैसे टाकतो. हे काम युरोपातल्या लोककथांमधल्या 'ट्रोल' नावाच्या राक्षसावरून आलेलं नाही, मासेमारीवरून आलंय. चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी सोडून ओढत न्यायची, ते ट्रोल करणं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युजनेटवरची, म्हणजे जालावरच्या जुन्या चर्चागटांवरची, मुरलेली मंडळी मुद्दाम बावळट प्रश्न टाकून नवख्यांना गळाला लावत, तिथून हा अर्थ रुजला. राक्षस मागाहून येऊन चिकटला.

आमच्या मालवणात याला गरवणं म्हणतात. गरी म्हणजे गळाचा आकडा. लहान असताना बाबांबरोबर खाडीवर जायचो. गरीला कोळंबी लावायची, दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बसायचं. मासा आधी गिळत नाही, हुंगतो, आणि ते बोटाला टक्-टक् असं लागतं. तेव्हा ओढलंत तर कोळंबी जाते आणि मासाही जातो. बाबा माझं मनगट धरून ठेवायचे. मला वाटतं खाली कुचकट लिहिणारा असाच बोटावर दोरी घेऊन बसलेला असतो. समोरच्याने एक ओळ उत्तर दिलं की टक् लागलं. तर माझी सूचना अशी: 'तिला ट्रोल केलं'ऐवजी 'तिला गरवलं'.

रात्रपाळी:
'नेटकऱ्यांनी अभिनेत्रीला गरवलं' असा मथळा दिला तर वाचक अभिनंदन करायला लागतील.

घागर:
मंडळी, हसणाऱ्याला काय म्हणायचं हे मी विचारलंच नव्हतं. ज्याचं हसं झालं त्याने काय केलं, ते हवंय.

उंबरठा:
तुमच्या वाक्यात 'हसं' आलंय म्हणून सांगतो. मराठीत 'हसं होतं' किंवा 'हसं करून घेतलं जातं'. पहिल्यात माणूस बिचारा, दुसऱ्यात दोष त्याचाच. 'करून घेणे' म्हटलं की ते आपण ओढवून आणलेलं. स्वतःच्या मर्जीने आणि शहाणपणाने हसं करून घेणारा फक्त तमाशातला सोंगाड्या. त्याच्या कामाला आपल्याकडे मान आहे, पण वगाच्या बाहेर नाही.

पानसुपारी:
मघाशी एका शब्दात उत्तर दिलं, आता लांबण लावते. थट्टा झालेल्याने काय केलं याचे शब्द मी वहीत काढून बघितले. एका बाजूला ओशाळणे, वरमणे, खजील होणे, हिरमुसणे, तोंड लपवणे. दुसऱ्या बाजूला कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला, गेंड्याची कातडी. मधे कोणी नाही! थट्टेने जो मोडला नाही त्याला मराठी सरळ शिवी देते. ढिंच्यॅक पूजा आठवा. २०१७ मध्ये तिच्या सेल्फीच्या गाण्यावर अख्खा देश हसला, आणि त्याच वर्षी ती बिग बॉसच्या ११व्या पर्वात जाऊन बसली. आमच्या घरात तिला एकच विशेषण होतं, निर्लज्ज. मी आईला विचारलं, कशाबद्दल गं? बेसूर गायली म्हणून? तर नाही. बेसूर आहे असं सांगितल्यावर पुन्हा गायली म्हणून.

शुद्धमती:
आईचं चुकलं असं मला वाटत नाही.

तिरफळ:
शिमग्याला आमच्याकडे नाव घेऊन फाका घालतात, त्यात कुणी मनाला लावून घेतलं तर तोच हास्यास्पद ठरतो. पण शिमगा पाच-सात दिवसांत उरकतो. इथे बारमाही शिमगा, आणि होळी कुणाच्या दारात पेटलीय ते त्याचं त्यालाच सकाळी उठून कळतं.

सांजवात:
इतका वेळ नुसती वाचत होते. घागरताई, मला तुमच्या मूळ वाक्याबद्दलच शंका आहे. 'हसण्याचं भांडवल केलं' हे लेखकाचं मागाहूनचं शहाणपण आहे. २०२० मध्ये त्या मुलीने स्वतः लिहिलं होतं की शाळेत तिच्या अंगावर खाणं फेकायचे, तुझ्याबरोबर कधीच काम करणार नाही असं निर्माते तोंडावर सांगायचे. गाण्याचा नवा अवतार आला २०२१ मध्ये. मधल्या वर्षांचं क्रियापद कुठलं?

आणि तो क्वेबेकमधला मुलगा? शाळेच्या खोलीत एकटाच काठी फिरवून अंतराळयोद्ध्यांचं सोंग करत होता, वर्गातल्या पोरांनी ती फीत २००३ मध्ये जालावर सोडली. घरच्यांनी खटला भरला, २००६ मध्ये तडजोड झाली. तो पुढे कायदा शिकला आणि दहा वर्षं या विषयावर गप्प राहिला. त्याने थट्टा काय केली? 'सोसली' हा शब्द आपल्याकडे आहे. त्याला कुणी सूचना मागत नाही, कारण त्याच्यावर लेख निघत नाही.

घागर:
निघालाय. माझ्याच लेखात तो पुढच्या पानावर आहे. तिथे मी 'सोसली' लिहिलंय आणि ते कुणालाही खटकलं नाही.

तिखटमीठ:
मिरजेतली गोष्ट सांगतो, बघा उपयोग होतो का. आमच्या चौकात एक वड्याचा गाडा होता. वडा भारी कडक, आम्ही कॉलेजची पोरं त्याला दगडी वडा म्हणायचो. त्याच्या तोंडावर नाही, पण ऐकू जाईल असं. दोन-तीन वर्षांनी बघतो तर गाड्याला पाटी. पिवळ्यावर लाल ऑइलपेंट, 'दगडी वडा'. गिऱ्हाईक दुप्पट. आम्ही खूश, नाव आम्ही दिलेलं! एकजण तर फुकट वडा मागायला गेला.

पुढे खूप वर्षांनी पेंटरची भेट झाली. तो म्हणाला, पाटी रंगवून दिल्यावर ती चार दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेली गाड्याखालीच पडून होती. मालक रोज सुतळी सोडायचा, बघायचा, परत बांधायचा. पाचव्या दिवशी लावली, आणि त्या दिवशी स्वतः गाड्यावर उभा राहिला नाही, मेव्हण्याला उभं केलं.

आता यानं थट्टा पचवली, सोसली की मिरवली, मला सांगता येत नाही. पण 'वटवली' नक्की. हुंडी वटवतात तशी. घागरताई, 'तिने हसं वटवलं' कसं वाटतं?

घागर:
वटवलं! हे आवडलं.

शुद्धमती:
चेक वटतो. हुंडी वटते. ती कुणीतरी आपल्या नावाने लिहून दिलेली असते. हसं कुणी लिहून देतं का?

वऱ्हाडी_ठेचा:
देते ना. खाली नाव टाकून देते. लाखो लोकायनं लिहून दिलं तिले.

उंबरठा:
वट असणे आणि वटवणे यांचं नातं आहे का? ज्याची वट आहे त्याचाच चेक वटतो, असं आमचे आजोबा म्हणायचे. पण ते आजोबांचं शास्त्र, त्यांनी वटपौर्णिमाही त्यातच बसवली होती.

सांजवात:
वटवलं म्हटलं की शेवट गोड झाला. तुम्ही चार दिवसांची सुतळी त्या शब्दाबाहेर ठेवताय.

तिखटमीठ:
खरंय. पण सुतळीसकट शब्द आणायचा कुठून?

घागर:
लेख काल गेला. 'वटवलं' लिहून पाठवलं. संपादकबाईंचा फोन आला, पान भरलं म्हणून तो परिच्छेदच काढला. सगळ्यांचे आभार, भांडण चालू ठेवा.

रात्रपाळी:
शब्द मी घेतो मग. 'ट्रोलिंग वटवलं!' पहाटे टाकून बघतो, साहेब उठायच्या आत.

पानसुपारी:
तिखटमीठ, ती पाटी अजून आहे का हो?

तिखटमीठ:
आता मुलगा चालवतो. गाड्याचं दुकान झालं, पाटी जाऊन फ्लेक्स आला. 'सुप्रसिद्ध दगडी वडा'. वडा मात्र मऊ लागतो, जुनी गिऱ्हाइकं तक्रार करतात.

शुद्धमती:
सुप्रसिद्ध की सुप्रसिध्द?

तिखटमीठ:
ध ला द.