लघुशोधप्रबंध: उत्तनचा कोळीवाडा, प्रश्नावली आणि किनारारेषा

प्रश्न (एमए_भूगोल_भाग२)
विषय ठरलाय: उत्तनमधली (भाईंदरजवळचं कोळ्यांचं गाव) डोलीची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याची मासेमारी आणि किनाऱ्याची झीज. ६० कुटुंबांची प्रश्नावली आणि १९९० पासूनच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा. हातात दोन महिने आहेत. मे-जून चालेल का? नमुना कसा निवडावा?

खाजणवाट
महिना नंतर बघा, आधी तिथी बघा. डोल ओढीच्या (भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या) जोरावर चालते, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे, उधाणाला, माणसं दर्यात. अष्टमी-नवमीला भांग (सर्वात कमी भरती-ओहोटी) असतो, ओढ मंदावते, होड्या धक्क्याला. प्रश्नावली तेव्हाच न्या. उधाणात गेलात तर घरी सापडतील ते म्हातारे आणि शाळकरी पोरं, आणि तुमचा नमुना तोच होऊन बसेल.

नमुन्यासाठी मच्छीमार संस्थेची सभासदयादी मिळते, पण त्यात बहुतेक होडीवालेच. खलाशी आणि मासे विकणाऱ्या बायका त्यातून गळतात. ६० मध्ये २० नाखवा (होडीमालक), २० खलाशी, २० विक्रेत्या बायका असे तीन गट करा. बायकांना बाजारातून परतल्यावर गाठा. पाटी उतरवायच्या आत वही काढू नका.

‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न तर खोडूनच टाका. कोणी सांगत नाही, आणि सांगितलेला आकडा गोल असतो. गेल्या उधाणात किती खेपा झाल्या, डिझेल किती लागलं, बर्फ किती, वाटा कसा पडला, असं विचारा. बेरीज आपण करायची.

पाऊणपट
प्रतिमांनाही तिथीच लागू आहे, आणि इथे बरेच प्रबंध आपटतात. लँडसॅट आपल्यावरून दरवेळी साधारण सकाळी अकराच्या आसपासच जातो. म्हणजे त्या वेळी पाणी कुठे असेल ते तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा (अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे). म्हणजे अष्टमीला अकरा वाजता पाणी ओहोटीकडे, पौर्णिमेला भरतीच्या जवळ.

मुंबईकडे उधाणाची तफावत चार मीटरच्या वर जाते. पुळणीचा (वाळूच्या किनाऱ्याचा) उतार ४० ला १ धरला तर पाणी एक मीटर वरखाली झालं की पाण्याची कड ४० मीटर सरकते. लँडसॅटचा एक पिक्सेल ३० मीटरचा. ‘झीज’ म्हणून जे मोजाल ते निव्वळ ओहोटी असू शकतं. भरतीच्या कोष्टकावरून सारख्या पातळीच्या प्रतिमा घ्या, नाहीतर पाण्याची कड सोडून झाडोऱ्याची कड आखा. पावसाळ्यात वाळू जाते, हिवाळ्यात परत येते, म्हणून सगळ्या प्रतिमा एकाच महिन्याच्या घ्या.

एमए_भूगोल_भाग२
मग जूनमध्ये बंदी असते तेव्हा सगळेच घरी सापडतील ना?

खाजणवाट
नाखवा सापडतील. १ जूनला बंदी लागते, होड्या शाकारल्या जातात, आणि बाहेरगावचे खलाशी गावी जातात. तुमचे २० खलाशी तिथेच संपले. शिवाय बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या दिसतील. नकाशात ती जागा ‘पडीक वाळू’ म्हणून जाते. वाळवणाच्या जागेची कड मे महिन्यातच जीपीएस घेऊन चाला, आणि फोनचं जीपीएस पाचेक मीटर चुकतं हे धरून चला. मे महिन्यातले दोन्ही भांग प्रश्नावलीला द्या, जून प्रतिमांना.