बिल मार्चचं, पैसे अजून नाहीत, पण २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करकपातीच्या उताऱ्यात) कमाई दिसतेय

गेवराईचा_गाडीवाला:
रामराम मंडळी. माझे दोन ट्रक आहेत, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. २०२५ च्या मार्चचं शेवटचं बिल २,६०,००० रुपये. कारखान्यानं ते ३१ मार्चला माझ्या नावावर जमा धरलं, १ टक्का म्हणजे २,६०० टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापायचा आयकर) कापून सरकारला भरलाही. पैसे मात्र मला अजून नाहीत. विचारायला गेलं की "साखर विकली की देतो". डिझेलवाला काय साखर विकायची वाट बघतो का? रिटर्न भरणारा म्हणतो, फॉर्मात आलंय, कर भरावाच लागेल. मेव्हणा म्हणतो, हातात नाही ते दाखवायचं कशाला, एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वर्षभराच्या कमाईच्या उताऱ्यात) सरळ नाकारून टाक. कुणाचं ऐकू?

परभणी_७१:
मेव्हण्याचं तर नकाच ऐकू. बिल तुमचंच आहे, गाडी तुमचीच पळाली. खरी नोंद नाकारायची आणि तिच्यावरचा टीडीएस मागायचा, हे जमत नसतंय.

लातूरकर_हिशेबनीस:
गाडीवाले, आधी सांगा, वह्या ठेवता का? ठेवत असाल आणि दरवर्षी पैसे हातात आल्यावरच जमा धरत असाल, तर हे बिल पुढच्या वर्षात दाखवा. २,६०० चा टीडीएसही रिटर्नमध्ये 'पुढे ओढलेला' म्हणून टाका, तो बुडत नाही. कापलेली रक्कम यंदा आणि उत्पन्न पुढच्या वर्षी, असं केलंत तर आकडे जुळत नाहीत म्हणून १३९(९) ची, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची, नोटीस येऊ शकते. बिल निघालं की जमा धरायची पद्धत असेल तर मात्र यंदाच दाखवावं लागेल. सोयीप्रमाणे वर्षावर्षाला पद्धत बदलता येत नाही.

गेवराईचा_गाडीवाला:
वह्या कसल्या हो. डिझेलच्या पावत्या डॅशबोर्डवर, तिकडंच ऊन खातेत.

लातूरकर_हिशेबनीस:
मग तुमचा रिटर्नवाला ४४एई, म्हणजे छोट्या वाहतूकदारांसाठीचं आयकराचं कलम, विसरला काय? वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर उत्पन्न बिलावरून मोजायचंच नाही, गाडीवरून मोजायचं. गाडीचं मालासकट एकूण वजन १२ टनांच्या वर असेल तर टनामागे महिन्याला १,००० रुपये. समजा आर.सी.वर २५ टन आहे: एका गाडीचे महिन्याला २५,०००, दोन्हींचे वर्षाला ६,००,०००. पावसाळ्यात गाडी दारात उभी राहिली तरी तो महिना धरायचाच. खरी कमाई जास्त असेल तर जास्त दाखवायची. म्हणजे हे मार्चचं बिल दिवाळीला मिळालं तरी २०२४-२५ च्या हिशेबात फरक नाही, टीडीएस यंदाच मागा. दुसरी कमाई नसेल तर नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत सूट आहे, तेव्हा कर शून्य. कापलेलं सगळं परत येईल.

गेवराईचा_गाडीवाला:
आर.सी. काढून बघितली, २५ च आहे. आणि मी कर भरायला उसनवारी करायला निघालो होतो!

परभणी_७१:
येत्या हंगामाआधी कारखान्याला पॅनसह लिहून द्या, की माझ्या दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत. मग वाहतुकीच्या बिलातून टीडीएस कापायचाच नसतो. पोच घ्यायला विसरू नका, तिथं कागद हरवतात.