खेळाचा तास बंद करून एकाग्रता वाढते का?

पाचवीची आई:
शिष्यवृत्ती परीक्षेचे कारण देऊन मुलीच्या शाळेने दिवाळीनंतर पीटीचे दोन्ही तास सराव प्रश्नपत्रिकांसाठी घेतले आहेत. मुलीला गणित येते. परंतु ‘पुढीलपैकी अयोग्य पर्याय निवडा’ असे विचारले असता ती पहिला बरोबर पर्याय दिसताच त्यावर खूण करून मोकळी होते. असा उतावळेपणा आणि शारीरिक तंदुरुस्ती यांचा काही संबंध आहे का? पालकसभेत मांडता येईल असे काही हवे आहे.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी:
आपण वर्णन केलेल्या गोष्टीला आमच्या विषयात आवर घालण्याची क्षमता म्हणतात. ती मोजण्याच्या एका चाचणीत पडद्यावर पाच बाण दिसतात आणि फक्त मधल्या बाणाच्या दिशेचे बटण दाबायचे असते. शेजारचे चारही बाण उलट दिशेला असले की मुले जास्त चुकतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी 7 ते 9 वर्षांच्या 221 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज दोन तासांच्या खेळवर्गात घेतले आणि उरलेल्यांना प्रतीक्षा यादीत ठेवले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खेळलेल्या मुलांची तंदुरुस्ती तर वाढलीच, शिवाय अशा चाचण्यांतील अचूकताही अधिक सुधारली, आणि ज्यांची हजेरी जास्त त्यांच्यात सुधारणाही जास्त दिसली. मात्र खेळल्याने शिष्यवृत्तीचे गुण वाढतील, असे यावरून सभेत सांगू नका; ते या अभ्यासाने दाखवलेले नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक:
ताई, दोन तासिकांत मुले किती वेळ प्रत्यक्ष हलतात, हेही एकदा पाहावे. रांगा लावणे, हजेरी घेणे आणि एका चेंडूमागे चाळीस मुले उभी करणे यांतच बहुतेक वेळ जातो. खो-खोमध्ये मात्र पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की गडी हाताच्या अंतरावरून निसटला तरी त्याला मध्येच मागे फिरता येत नाही. खांबापर्यंत जावे लागते किंवा बसलेल्याला खो द्यावा लागतो. नवी मुले पहिले काही दिवस हटकून मागे वळतात आणि फाउल होतात.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी:
सरांचे निरीक्षण पटण्याजोगे आहे. नुसते धावणे पुरेसे की नियमांचे खेळ अधिक उपयोगी, यावर संशोधकांतच वाद आहे. मुलांच्या मेंदूविकासाच्या संशोधक अ‍ॅडेल डायमंड यांनी नुसत्या व्यायामाच्या परिणामाविषयी जाहीर शंका घेतली आहे.

पाचवीची आई:
आभारी आहे. सभेत निदान एक तास परत मागेन, आणि तो खो-खोसाठीच मागेन. दोन्ही तास मिळतील असे वाटत नाही, कारण सराव वाढवा म्हणणारे पालकच जास्त आहेत.