शब्दचर्चा : बँडोनियनला 'छोटा अकॉर्डियन' म्हणावं का?

प्रश्न : टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताबद्दलच्या एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात bandoneon (बँडोनियन) या वाद्याचं नाव सारखं येतंय. 'छोटा अकॉर्डियन' लिहिलं तर चालेल का? दोन्हीला भाता आहेच की.

उत्तर : नको, प्लीज नको! भाता आहे म्हणून सगळे अकॉर्डियन होत नाहीत. अकॉर्डियनमध्ये सहसा डाव्या हाताची बरीच बटणं अशी असतात की एक दाबलं की अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, वाजते. बँडोनियनला तसं नाही, एका बटणाला एका वेळी एकच सूर, म्हणजे कॉर्ड हवी तर बोटांनी स्वतःच जुळवायची. शिवाय अकॉर्डियन पट्ट्यांनी खांद्याला अडकवतात, बँडोनियन बसून मांडीवर नाहीतर गुडघ्यावर ठेवतात, टँगोचा प्रसिद्ध वादक-संगीतकार पियाझोला मात्र उभा राहून एक पाय उंचावर टेकवून वाजवायचा. नात्याने हा काँसर्टिना या दोन्ही बाजूंना बटणं असलेल्या भात्याच्या वाद्याच्या घरातला. जर्मनीत केम्नित्झच्या उलिगने 1834 च्या सुमारास काँसर्टिना केली, तीच पुढे वाढवून क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडने आपल्या नावाने विकली, त्या 'बांड'वरूनच हे नाव. तेव्हा 'अकॉर्डियन' लिहिलं की बिचाऱ्याचं नावच पुसलं जातं.

प्रश्न : मग नुसतं काँसर्टिना लिहू?

उत्तर : तेही नको. इंग्लिश काँसर्टिना हातात मावणारी, षटकोनी, आणि भाता ओढा नाहीतर दाबा, त्याच बटणाला तोच सूर. टँगोतला बँडोनियन चौकोनी, बहुतेक 71 बटणांचा, आणि एकच बटण भाता उघडताना एक सूर देतं, मिटताना दुसराच. म्हणजे प्रत्येक हाताच्या बटणांचे दोन नकाशे पाठ करायचे! म्हणून बरेच वादक मुख्य ओळ उघडतानाच वाजवतात आणि मग उजव्या अंगठ्याने हवेची पट्टी दाबून भाता झटकन मिटतात, त्या क्षणी सूर नाही, नुसती हवा जाते, अगदी सुस्कारा टाकल्यासारखी. रेकॉर्डिंग नीट कान देऊन ऐकलं तर ती ऐकू येते.

भात्याच्या हालचालीसाठी तुम्हाला मराठी क्रियापदं हवी असतील तर 'उघडणे' आणि 'मिटणे' घ्या, 'ताणणे-दाबणे'पेक्षा मला ती फार आवडतात, ब्यूनस आयर्सचे वादकसुद्धा स्पॅनिशमध्ये अगदी हेच म्हणतात. आणि तिथल्या बोलीत वाद्याचं लाडकं नाव 'फुएशे', मूळ अर्थ भाता! तेव्हा लेखात पहिल्यांदा 'बँडोनियन' लिहा आणि पुढे एखाद्या ठिकाणी सरळ 'भाता' म्हणा, शोभून दिसेल.