श्वासनलिका की मूत्राशय? स्लाइड ओळखायची कशी?

पेडण्याची_झूऑलॉजी
बी.एस्सी.ला आहे, प्रॅक्टिकल तोंडावर आलंय. अभिस्तराच्या (अवयवांना आच्छादणाऱ्या पेशींच्या थराच्या) प्रकारांत साधा स्क्वॅमस (चपट्या पेशींचा), क्युबॉइडल (घनाकार पेशींचा) चटकन कळतात. पण स्यूडोस्ट्रॅटिफाइड (श्वासनलिकेतला, नुसता बहुस्तरीय भासणारा) आणि ट्रान्झिशनल (मूत्राशयातला, ताणला जाणारा) समोर आले की अडते. दोन्हींत जांभळ्या न्यूक्लियसच्या तीन-चार रांगा! स्पॉटिंगला (स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत) वेळ थोडा, आधी काय बघू?

फोंड्याची_बाई
बाय, रांगा मोजू नकोस, न्यूक्लियस तिथेच फसवतात. श्वासनलिकेतली प्रत्येक पेशी बेसमेंट मेंब्रेनवर (अभिस्तराखालच्या पातळ पडद्यावर) टेकलेली असते, पण सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत. उंच-बुटक्यांची दाटी, म्हणून न्यूक्लियस वर-खाली. थर एकच.

तू पोकळीकडची कड बघ. मी वर्गात हेच घोकून घेते. श्वासनलिकेत कडेला सिलियांची (केसांसारख्या तंतूंची) बारीक झालर, आणि मधूनमधून फिकट, रिकाम्या वाटणाऱ्या गॉब्लेट पेशी. त्यांच्यातला म्युसिन (चिकट स्राव) एच अँड ई या नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात नीट रंगत नाही, म्हणून त्या पांढुरक्या राहतात. मूत्राशयात झालर नाहीच. सर्वांत वर मोठ्या, घुमटासारख्या फुगलेल्या पेशी, एखादीत चक्क दोन न्यूक्लियस. अशी एक जरी सापडली तरी ट्रान्झिशनल लिही आणि पुढे जा.

आणि थेट ४०एक्स लावायची घाई कशाला? लो पॉवरवर खाली निळसर कूर्चा दिसली तर श्वासनलिका, गुलाबी स्नायूंचे जाड जुडगे दिसले तर बहुधा मूत्राशय. मुलं हे टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हापसा_लॅब
बाईंचं अगदी बरोबर. एक भर घालतो. छेद तिरका गेला असेल तर एकच थर असलेला स्तंभीय अभिस्तरही बहुस्तरीय भासतो. स्लाइड सरकवून पेशी सरळ उभ्या कापल्यात अशी जागा शोधा. मूत्राशय ताणलेलं असेल तर घुमट चपटे होतात, थर दोन-तीनच उरतात. आणि पावसात आपल्याकडे लेन्सला बुरशी धरते. सिलिया दिसत नसतील तर दुसऱ्या मायक्रोस्कोपवर लावून बघा.

पेडण्याची_झूऑलॉजी
खूप आभार बाई, दादा! एपिडिडिमिसलाही (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीलाही) झालर असते ना? मग ती वेगळी कशी ओळखू?

फोंड्याची_बाई
चांगलं विचारलंस. ते स्टिरिओसिलिया. लांब, टोकाशी एकमेकांना चिकटून गुच्छ झालेले. गॉब्लेट पेशी तिथे नसतात, आणि नळीच्या पोकळीत शुक्राणूंचे पुंजके बहुतेक वेळा दिसतातच.